सहा आकड्यांचा कौल

सातवा नारळ फुटला तेव्हा करवंटीचा तुकडा उडून पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या कपाळाला लागला. रक्ताची धार लागली, आणि बाईंनी भक्तिभावाने हात जोडले.

"बाधा बाहेर पडली!" योगीराज महाराज गरजले, आणि येलहंक्यातल्या त्या मंगल कार्यालयात दोनशे मराठी माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविवारची सकाळ, अकराचा सुमार. गर्दीत निम्मे बेळगाव-निपाणीकडचे, निम्मे आमच्यासारखे सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बेंगळुरूला आलेले आणि इथेच निवृत्त झालेले. ज्यांनी आयुष्यभर विमानाचा एकेक स्क्रू मोजूनमापून बसवला ते माझे सहकारी करवंटीचे तुकडे प्रसाद म्हणून खिशात घालत होते. माझी बायको सुलभा ओढून घेऊन आली नसती, तर मी तिकडे फिरकलोही नसतो.

चमत्कार असा होता. गावाकडे देवाला कौल लावतात, तसा हे महाराज मेलचा कौल लावत. नारळाला लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नाव, रास आणि ईमेलचा पत्ता लिहायचा. नारळ शुद्धीसाठी पडद्यामागे जायचा. महाराज डोळे मिटायचे. "येतोय... येतोय... तुझ्या दारावर घाला येतोय!" आणि खरोखरच भक्ताचा फोन वाजायचा. सुरक्षेचा इशारा! तोही अस्सल, सगळे जण फोटो टाकतात त्या साइटकडूनच आलेला. मेल इंग्रजीत असायचा आणि भक्त घाबरलेला, त्यामुळे तो वाचून मराठीत सांगायचं काम महाराजच करायचे.

"बघ माउली, स्पष्ट लिहिलंय. कोणीतरी तुझ्या खात्यात शिरतंय. आणि हा सहा आकड्यांचा अंक दिसतो ना? ही त्या बाधेची जन्मखूण! एकेक आकडा खणखणीत म्हण आणि फोड नारळ!"

भक्त माइकवर आकडे ओरडायचा, नारळ फोडायचा. मिनिटभरात दुसरा मेल यायचा: तुमचा पासवर्ड बदलला आहे. "देवानं नवं कुलूप घातलं! आता अकरा दिवस ते खातं उघडायचं नाही. उघडलंस तर बाधा घरात!"

त्या रविवारच्या पंधरा दिवस आधी सुलभानेही आपले सहा आकडे असेच ओरडून सांगितले होते. घरी आल्यावर मी "खुळचटपणा" एवढंच म्हणालो आणि पेपर तोंडासमोर धरला. जवळ बसून समजावण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, याची मला आजही लाज वाटते.

अकरा दिवस सरले आणि लोकांची झोप उडाली. तरी महाराजांवर संशय कोणाचाच नव्हता, उपाय विचारायला सगळे पुन्हा तिथेच. सुलभाच्या नावाने नातेवाइकांना शिव्या गेल्या. बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या नागराजच्या घरी तर आगच लागली. त्याची मुलगी आश्लेषा, तिच्या खात्यावरून होणाऱ्या सासरी घाणेरडे फोटो गेले. ठरलेलं लग्न मोडलं आणि पोरगी दार लावून बसली. म्हणूनच त्या रविवारी, सातव्या नारळाच्या टाळ्या थांबताच, नागराज तरातरा मंचावर चढला.

"कुलूप घातलो म्हटलात की तुम्ही! मग हे काय झालं?"

महाराज जराही गडबडले नाहीत. "बेटा, बाधा बाहेरची नाही. वैरी इथेच बसलाय! ज्याच्या हातात तुमचे फोन उघडे पडले, तोच करणी करतोय!"

माझ्या शेजारून सुलभा उठली. "परसू!" ती म्हणाली. "माझ्या फोनची स्क्रीन त्यानेच बदलली होती!"

परसू बसस्टँडजवळ फोन दुरुस्त करायचा. खानापूरकडचा, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. हॉलमधल्या निम्म्या लोकांचे फोन त्याच्या हाताखालून गेले होते. त्या सकाळी तो महाराजांचाच माइक नीट करायला आला होता आणि मंचाच्या पायरीवर बसला होता.

"धरा त्याला! बिडबेडी, सोडू नका!" नागराज ओरडला.

परसूला उठायलाही सवड मिळाली नाही. पहिला ठोसा नाकावर बसला. मग लोखंडी खुर्ची पाठीत आली, मग चपला, मग कमरेचे पट्टे. एका निवृत्त फोरमनने, ज्याला मी तीस वर्षं सज्जन म्हणून ओळखत होतो, पडलेल्या परसूच्या पोटात लाथ घातली आणि पुन्हा घालता यावी म्हणून धोतर वर खोचलं. कोणीतरी त्याचा फोन टाचेखाली चिरडला.

"मी काय केलो नाही वो!" परसूच्या तोंडातून रक्ताबरोबर शब्द येत होते. "अक्का, तुम्ही तरी सांगा! काच बदलून दिलो, तेवढंच!"

त्याची अक्का म्हणजे सुलभा. ती खाली बघत होती.

नागराजने त्याचा उजवा हात पायरीवर दाबला आणि वर गुडघा ठेवला. "ह्याच बोटांनी माझ्या पोरीचं वाटोळं केलास न्हवं?" त्याने नारळ उचलला आणि त्या बोटांवर घातला. मग पुन्हा घातला. परसूची किंकाळी सगळ्या हॉलभर गेली. आणि मी, चारचौघांत विज्ञानाच्या गप्पा मारणारा चंद्रकांत, जागच्या जागी उभा होतो. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

तेवढ्यात एक फोन वाजला. शिवलीलाचा. ही शिवलीला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सकाळी तिलाही नारळ घेऊन रांगेत बघून मला नवल वाटलं होतं. तिचा नारळ मारहाणीच्या आधीच पडद्यामागे गेला होता. ती खुर्चीवर चढली आणि वर्गात ओरडतात तशी ओरडली.

"थांबा! नागराज अण्णा, हात खाली! मला आत्ता मेल आलाय, सुरक्षेचा इशारा. माझ्या खात्यात कोण शिरतंय?"

"हाच की!"

"त्याचा फोन तुमच्या पायाखाली. त्याचा हात तुमच्या गुडघ्याखाली. मग आत्ता करणी कशानं केला तो?"

नागराजचा उचललेला हात तसाच राहिला. महाराजांनी घाईने माइक ओढला. "बाई, बाधेला हात लागत नाहीत! आकडे म्हण, नारळ फोड, मोकळी हो!"

"आकड्यांचं नंतर बघू महाराज, आधी पत्त्याचं ऐका. हा ईमेल मी आज सकाळी नवा काढले. त्यावर त्या साइटवर खातं उघडले, तेही खोट्या नावानं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तो पत्ता मी एकाच ठिकाणी लिहिले, तुमच्या नारळावरच्या चिठ्ठीवर. तुमच्या बाधेला तो सापडला कुठं?"

उत्तराची वाट न बघता तिने मंचामागचा पडदा दोन्ही हातांनी खेचला. दोरी तुटली. मागे महाराजांचा शिष्य त्रिविक्रम, मांडीवर लॅपटॉप, बाजूला ओळीने नारळ. शिवलीलाची चिठ्ठी त्याच्या गुडघ्यावर होती, आणि स्क्रीनवर सहा रिकामे चौकोन आकड्यांची वाट बघत होते.

"बघा तुमचा देव," शिवलीला म्हणाली. "चिठ्ठीवरचा पत्ता टाकायचा आणि 'पासवर्ड विसरलो' म्हणून बटन दाबायचं. साइट खऱ्या मालकाला आकडे पाठवते. मेल खरा असतो, मागणारा चोर असतो! तुम्ही माइकवर ओरडायचं, ह्यानं इथं टाइप करायचं. ह्यानंच तुमचं कुलूप बदलून किल्ली खिशात घातली. अकरा दिवस उघडू नका म्हणजे ह्यांना अकरा दिवस मोकळं रान. नातेवाइकांना लुबाडा, पोरींचे फोटो काढून घ्या, काय पाहिजे ते करा!"

मग तीच गर्दी, तेच पट्टे, त्याच खुर्च्या महाराजांकडे वळल्या. नागराज सगळ्यांत पुढे. पहिल्या फटक्यात महाराजांचे दोन दात मंचावर पडले. दुसऱ्यासाठी नारळ डोक्याच्या वर गेला तेव्हा, उशिरा का होईना, माझे पाय हलले. मी त्याचा दंड धरला. त्याच्या कोपराने माझा चष्मा फुटला, भुवई फाटली, पण मी सोडलं नाही.

"पुरे! पोलिसांना बोलवा! अजून किती हात मोडायचेत?"

"अण्णा," शिवलीला जवळ आली, "मेलची शेवटची ओळ कधी ऐकलात का? महाराज ती वाचायचे नाहीत." तिने फोन समोर धरला आणि सावकाश मराठीत सांगितलं: "हे आकडे कोणालाही सांगू नका. ही मागणी तुम्ही केली नसेल, तर हा मेल सोडून द्या, तुमचं खातं सुरक्षित आहे."



"आश्लेषाचे आकडे कोण सांगितलं होतं?" तिने विचारलं.

"मी," तो म्हणाला. "ती नको म्हणत होती. तिचा फोन हिसकावून मीच ओरडलो." नारळ त्याच्या हातातून गळून पडला. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

गुरू-शिष्य आता कोठडीत आहेत. परसूला मारणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला आहे आणि मी साक्ष देणार आहे. सुलभानेही जबाब दिला, स्वतःच्या तोंडून निघालेल्या नावासकट.

तुम्हाला एवढंच सांगतो. असा मेल आला तर हातपाय गाळू नका. तुम्ही काही मागितलं नसेल, तर ते आकडे कोणालाही सांगू नका. बँकेच्या साहेबाला नाही, पोलिसाला नाही, देवालाही नाही. देवाला पासवर्ड लागत नाही. मेलमधल्या दुव्यावर बोट ठेवू नका, साइट आपली आपण उघडा आणि तिथे बघा. शंका आली तर पासवर्डही तिथेच बदला. इंग्रजी समजत नसेल तर विचारायला लाजू नका, मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. आणि कोणी बोट दाखवलं म्हणून हात उचलू नका. आधी पुरावा मागा.

परसूच्या दोन बोटांत सळया घातल्या आहेत. बारीक स्क्रूड्रायव्हर त्याला पुन्हा धरता येईल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. आम्ही दोघं इस्पितळात गेलो तेव्हा सुलभाला त्याच्याकडे बघवेना. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून रडत राहिली. शेवटी परसूच बोलला. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"अक्का, मेल आला त्या दिवशी दुकानात तरी यायचं होतं की. मी वाचून दाखवलो असतो."