उभं फाडायचं पातं

थोरल्याच्या जिभेला हाड नव्हतं, हे त्याच्या बायकोपासून लाकूडवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच धाकटा भाऊ वेगळं दुकान थाटतो म्हणाला, तेव्हा थोरला फाडकन बोलून गेला, "मग वडिलांचं टेबलही मधून फाड आणि ने तुझं अर्धं." धाकट्यानं हातातला रंधा खाली ठेवला. "बरं," म्हणाला. बस्स.

भांडला असता तर त्याची समजूत काढता आली असती. नुसतं बरं म्हणणाऱ्या माणसाचं करायचं काय?

वडिलांच्या त्या कामाच्या टेबलाची वरची फळी अखंड शिसवी होती, चार बोटं जाड. दोघं भाऊ तिच्या दोन बाजूंना उभे राहून सुतारकाम शिकले होते. भावानं जाऊ नये, एवढंच थोरल्याला वाटत होतं. पण तेवढं सोडून बाकी सगळं तो बोलला, आणि बोललेलं मागे घेणं त्याच्या जिवावर यायचं.

ठरल्या सकाळी दोघांनी फळी सुटी करून कापायच्या मशीनवर आणली. पातं थोरल्यानं निवडायचं आणि फळी धाकट्यानं ढकलायची, ही वडिलांनी लावलेली रीत. थोरल्यानं खुंटीवरून दाट दात्यांचं पातं उतरवलं. ते आडव्या कापाचं, पातळ फळ्यांची कड गुळगुळीत काढण्याचं. जाड, कठीण लाकूड रेषेच्या अंगानं उभं फाडायचं तर दाते मोजके आणि मोठे हवेत, मधल्या खाचा खोल हव्यात, म्हणजे भुशाला बाहेर पडायला वाट मिळते. हे थोरल्यानंच धाकट्याला शिकवलं होतं, तेही कान पिरगाळून. तरी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता त्यानं ते दाट दात्यांचं पातं बसवलं.

मशीन सुरू झालं. फळी वीतभर आत गेली आणि पातं कण्हायला लागलं. भुसा अडकला, जळका वास सुटला, चिरेतून धूर आला. धाकट्यानं बटण बंद केलं. चिरेची कड काळी पडली होती.

"जुनं लाकूड, दाद देत नाही," थोरला म्हणाला. "फाडायचं पातं धारवाल्याकडे टाकलंय. आठवडाभर तरी यायचं नाही. तोवर राहू दे."

आठवड्यात माणसाचं मन वळतं, असा त्याचा हिशेब होता.

धाकटा आपल्या पिशवीपाशी गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातं घेऊन आला. त्याला ताजी धार होती.

"काल सोडवून आणलं. धारवाला हसत होता. म्हणे, दादानं अजिबात घाई करू नको म्हणून बजावलंय."

थोरल्याची मान खाली गेली.

"थांब म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचंस, दादा. पात्याआड कशाला लपलास?"

"म्हटलं असतं तर थांबला असतास?"

धाकट्यानं पात्यावरचा कागद सोडवला. "नसतो थांबलो. माझे केस पिकायला लागले, तरी मी ढकलतोच आहे. एकदा तरी पातं मला निवडायचंय. पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

पातं या वेळी धाकट्यानं बसवलं. थोरला मशीनच्या पलीकडे फळी धरायला गेला. आता ती मुकाट कापली जात होती, भुसा भरभरून खाली पडत होता, कुठे अडत नव्हता. थोरल्याच्या मनात आलं, की निवड चोख आहे.

निम्म्यावर धाकट्यानं मशीन थांबवलं. चिरलेल्या फळीचे दोन भाग पात्यामागे पुन्हा एकमेकांकडे ओढ घेत होते. जाड लाकडात असा ताण असतोच.

"फळी मिटतेय, दादा. चिरेत पाचर मार."

थोरल्यानं पाचर उचलली, पण हात उठेना. मिटत होती ती मिटू द्यावी, असं त्याला फार वाटलं. पण तिनं पातं आवळलं असतं तर फळी उलटी उसळून थेट धाकट्याच्या पोटात बसली असती. त्यानं पाचर चिरेत धरली आणि हातोडी घातली. त्याचे डोळे वाहत होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

"आणखी?" त्यानं विचारलं.

"आणखी," धाकटा म्हणाला.