बरडावरचे पऱ्हे

लागोपाठ दोन वर्षं मोहटोल्याचे पऱ्हे पुरात गेले. वरच्या धरणाची दारं उघडली की वैनगंगा फुगायची, नाल्याचं पाणी उलटं फिरायचं आणि काठच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, रोवणीसाठी वाढवलेले पऱ्हे, धानाची ती कोवळी रोपं, गाळाखाली गडप व्हायची. मग पुन्हा बियाणं शोधा, पुन्हा पेरा. उशिरा रोवलेलं धान निसवेपर्यंत, लोंब्या बाहेर पडेपर्यंत, पाऊस गावाकडे पाठ फिरवून गेलेला असायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात बचत गटाची अध्यक्ष सरिता ग्रामसभेत उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं. निम्मं बियाणं प्रत्येकानं नेहमीसारखं आपल्या बांधीत टाकावं, निम्मं सगळ्यांनी मिळून शाळेमागच्या उंच बरडावर. लोकांनी नाकं मुरडली. बरडावर मुरूम, पाणी नाही, वर रानडुकरांचा जाच. सरितानं सगळं ऐकून घेतलं.

"औंदा पूर येनार नाई, असं कोनी छातीवर हात ठेवून सांगत असन तर सांगा," ती म्हणाली. "मी चूप बसतो."

बरडावरची पेरणी ठरली. मग काय, बायांनी टोपल्यांनी गाळ आणि शेणखत वर नेलं, पुरुषांनी बांबूचं कुंपण घातलं, आणि पाऊस ओढ देई तेव्हा सगळं गाव हातपंपावरून गुंड, म्हणजे घागरी, भरभरून रोपांना पाणी पाजत राहिलं. सरिताचा नवरा कुलदीप कुरकुरत होता, पण सर्वात जास्त गुंड त्यानंच वाहिले.

आषाढात पूर आला. खालच्या बांध्या दिसेनाशा झाल्या. बरडावर मात्र पोपटी गालिचा वाऱ्यावर डुलत होता. सरिता कुंपणाला टेकून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

पाणी ओसरू लागलं तसा नाल्यापलीकडून वल्ही मारत एक डोंगा आला. त्यातून आवळटोल्याचे म्हातारे देवाजीभाऊ उतरले. आवळटोल्याशी मोहटोल्याचं बोलणं बंद होतं. गेल्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दोन्ही गावांनी एकाच रात्री नाटक ठेवलं आणि भोंगे समोरासमोर लावले. कुलदीप इकडे नायक होऊन प्राण सोडत होता आणि पलीकडच्या विनोदावर इकडचेच प्रेक्षक खदखदून हसत होते. ते दुःख त्यानं अजून गिळलं नव्हतं.

देवाजीभाऊ सरिताच्या ओसरीवर बसले. तिच्या सासऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा घेतला, गुरांच्या किमतींवर बोलले आणि उठले. सरितानं ओळखलं, देवाजीभाऊंच्या ओठांवर शब्द आला आणि तिथंच अडला.

"भाऊ, किती बांध्यांचे पऱ्हे लागते तुमाले?"

"मागाले नाई आलो मी."

"मले माहीत आहे. म्हनून मीच विचारून राह्यली."

म्हातारा पुन्हा बसला. मग हळूच बोलला, "सगळेच गेले, बाई."

संध्याकाळी गावात वाद पेटला. आपल्यालाच जेमतेम पुरतील, शिवाय त्या भोंगेवाल्यांना द्यायचे काऊन, असं बरेच जण म्हणाले. सरितानं मार्ग काढला. रोवताना चिमटीत चार-पाच काड्या घेतो, तिथं दोनच घ्यायच्या. रोपांना बाजूनं फुटवे येऊन जागा भरतेच, आणि तेवढ्याच पऱ्ह्यांत दोन्ही गावांचं भागेल. पण हे तिनं स्वतः कधी करून बघितलं नव्हतं, आणि तेही तिनं लपवलं नाही. फसलं तर सगळ्यांचंच फसणार होतं. पुढच्या साली नाला आपल्यावर रुसला तर पलीकडे कोणीतरी हवं ना, एवढंच ती शेवटी म्हणाली. सगळ्यांच्या नजरा कुलदीपकडे वळल्या, कारण भरलेला डोंगा नाल्याच्या ओढीतून नेणारा गावात तोच.

"नेऊन देतो," कुलदीप म्हणाला. "पन माह्यं मरन त्याईनं एकदा पुरं आयकाव."

दुसऱ्या दिवशी पऱ्ह्यांच्या जुड्यांनी भरलेला डोंगा पलीकडे लागला. मागोमागच्या खेपेत मोहटोल्याच्या बाया रोवणीला गेल्या. दुपारच्या जेवणानंतर कुलदीप धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढला आणि सगळं भाषण म्हणत सावकाश मेला. आवळटोल्याच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. देवाजीभाऊंनी त्याला हात देऊन उठवलं आणि दुसऱ्यांदा मरायला लावलं.

दोन काड्यांचं धान आधी विरळ, केविलवाणं दिसलं. सरिताची झोप उडाली. रोज सकाळी ती बांधीवर जाऊन वाकून बघायची. भाद्रपदात फुटवे दाटले आणि तिच्या जिवात जीव आला. पीक भरघोस नव्हतं, पण दोन्ही गावांत वर्षभराचा भात प्रत्येक घरी आला.

पुढच्या उन्हाळ्यात आवळटोल्यानंही आपल्या टेकाडावर कुंपण घातलं. दोन्ही गावांनी एकमेकांसाठी एकेक वाफा जास्तीचा धरायचा, असं ठरलं. नाल्याच्या खालच्या अंगाच्या गावांतूनही बाया बघायला येऊ लागल्या. सरिता त्यांना बरडावर फिरवते, मुरूम कसा भुसभुशीत केला ते सांगते, आणि रानडुकरांसाठी राखणीची पाळी कोणाची यावरून गावात अजून रोज भांडण होतं, हेही हसत हसत सांगून टाकते.