‘उद्या’ नावाची फाइल

जालन्याच्या बियाणे कंपनीत १९९६ साली युनिक्सचा एकुलता एक संगणक आला आणि तो भुजंगच्या हाती पडला. तेव्हापासून गड्याचे पाय जमिनीवर टेकेनात.

प्रयोगशाळेतली इमामबी उगवणीचा अहवाल कागदावर आणून द्यायची. भुजंग तो टाइप करून फाइलीला लॉटचा नंबर द्यायचा आणि कागद फाडून टाकायचा. एकदा लॉट सत्तेचाळीसचा अहवाल निघेना. नापास की पास, काही न कळता माल दुकानांत गेला होता. साहेब भडकले. भुजंगनं नावानं फाइल शोधली, मिळाली नाही. मग सगळ्या कामगारांसमोर तो मोठ्यानं म्हणाला, "मशीन खोटं बोलत न्हाई, मावशी. तुम्ही कागद आणलाच न्हाई."

"आणल्ता. तुमच्याच हातात देल्ता," इमामबी म्हणाली. पण तिचं ऐकतो कोण? बारा वर्षं बियांचे कोंब मोजणाऱ्या बाईला दुसऱ्याच दिवशी पोती शिवायला बसवलं.

दोन महिन्यांनी साहेबांनी नापास लॉटांची यादी मागितली. फाइलीच्या नावावरून पास-नापास काय कळणार? भुजंगनं पुस्तक उघडून नवी आज्ञा जुळवली. फाइल हुडकणाऱ्या ‘फाइंड’नं एकेक फाइल मजकूर तपासणाऱ्या ‘ग्रेप’च्या हवाली करायची, ग्रेपनं आत ‘नापास’ शब्द धुंडायचा आणि तो सापडला तरच त्या फाइलीचं नाव पडद्यावर यायचं. सात नावं आली. सहा नंबर होते. सातवं नाव होतं ‘उद्या’.

भुजंगला सगळं आठवलं. अमावास्येला नवी नोंद करायची नाही, हा कंपनीचा शिरस्ता. त्या दिवशी आलेला कागद तो ‘उद्या’मध्ये टाइप करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी नंबर द्यायचा. सत्तेचाळीसच्या वेळी मात्र दुसऱ्या दिवशी तो बदनापूरला लग्नाला गेला आणि साफ विसरला; पुढच्या अमावास्यांना कागदच आला नाही, म्हणून ती फाइल पुन्हा उघडलीच नव्हती. त्यानं फाइल उघडली. लॉट सत्तेचाळीस, नापास. खाली त्यानंच टाइप केलेलं होतं: कागद आणून देणारी: इमामबी.

एका आज्ञेत ती फाइल पुसता आली असती. खोटं कशाला सांगा, ती आज्ञा त्यानं अर्धी टाइपही केली होती. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की तो तसाच उठला आणि शेडमध्ये गेला.

इमामबी पोतं शिवत होती. तिच्याजवळ वाकून तो पुटपुटला, "मावशी, अहवाल सापडला. चूक माझी व्हती."

तिनं मान वर केली नाही. "त्या दिवशी समद्यायसमोर बोल्ले व्हते. आज कानात काऊन सांगून राह्यले?"

भुजंग सरळ उभा राहिला. मग त्यानं शिलाई यंत्राचा खटका बंद केला. शेडमधली तीसेक माणसं त्याच्याकडे बघू लागली.

"सत्तेचाळीसचा कागद मावशीनं आणल्ता," तो म्हणाला. "मशीन खोटं बोल्लं न्हाई. मी बोल्लो."