भूकंपाला गेले आहे

एक सप्टेंबरला मी भर दुपारी दुकान बंद केलं आणि दारावर पाटी लावली : ‘भूकंपाला गेले आहे. चारपर्यंत येते.’

शेजारच्या इगुची काकूंनी चष्मा वर सरकवून ती वाचली. “तामाए, भूकंपाला कुणी जातं का गं? तोच येतो.”

“सराव आहे हो काकू. तो आला की शाळेत कसं जायचं, त्याचा. पोरं घरच्यांच्या हवाली करतात आज.”

‘घरच्यांच्या’ हा शब्द मी जरा जोरात म्हटला असावा, कारण काकू नुसत्या हसल्या.

शिगेनोरीशी मी जूनमध्ये लग्न केलं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. त्याची बोट आहे, बोनितो मासळीची. आणि त्याला फुयुका आहे, तिसरीतली. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. फुयुका मला ‘तामाए-सान’ म्हणते आणि ‘तुम्ही’ लावून बोलते. तक्रार नाही. माझी गिऱ्हाइकंही असंच बोलतात, आणि त्यांच्यापेक्षा ती बरेच जास्त कोरोक्के खाते. पण बटाट्याचे कोरोक्के तळून देणारी बाई, एवढंच मी तिला वाटते की आणखी काही, हे विचारायची हिंमत तीन महिन्यांत झाली नव्हती.

जुनी टोपी तिला लहान झाली होती. भूकंपात डोक्यावर घ्यायची ती कापूस भरलेली टोपी, एरवी पोरं खुर्चीवर उशी म्हणून वापरतात. नवी मी शिवली. प्रेमाच्या भरात कापूस जास्त झाला. फुयुकाने घालून पाहिली आणि आतूनच म्हणाली, “तामाए-सान, यात भूकंपसुद्धा ऐकू येणार नाही.”

शाळेच्या सभागृहात पोहोचले तेव्हा पोरं टोप्या घालून वर्गवार रांगेत बसली होती. आमची लगेच ओळखू आली. बाकी सगळी पोरं दिसत होती आणि मधेच एक भोपळा. पालकांच्या रांगेत माझा नंबर आला. समोर वर्गशिक्षक कुरामोची सर, गळ्यात कुठलं पोर कुणी न्यायचं त्याच्या कार्डांचा गठ्ठा.

“नाव?”

“सर, काल संध्याकाळी दोन कोरोक्के नेलेत माझ्याकडून. सॉस जास्त.”

“नाव सांगा.” नजर कार्डावरच.

सांगितलं.

“मुलीशी नातं?”

आता आली पंचाईत. “तिच्या वडिलांची… म्हणजे आम्ही जूनमध्ये…”

सरांनी कार्ड उलटंसुलटं केलं. “यात तुमचं नाव नाही.”

कार्ड एप्रिलमध्ये भरलेलं. पहिल्या ओळीत शिगेनोरी, दुसरीत त्याची बहीण, तिसरी कोरी. लग्नानंतर आम्ही नळाच्या बिलापासून दारावरच्या पाटीपर्यंत सगळीकडे नाव घातलं. कार्ड दोघांच्याही डोक्यातून गेलं.

“सर, बहीण साप्पोरोला असते! विमानाने यायचं का तिनं? भूकंपात?”

“पण कार्डावर त्या आहेत.” सरांच्या कपाळावर घाम आला होता. मग हळू आवाजात म्हणाले, “ओळखीची वाटते म्हणून एकीच्या हाती पोरगी दिली, तर उद्या दुसरीलाही द्यावी लागेल. माफ करा.”

माणूस बरोबर बोलत होता. राग त्याचाच येत होता.

नियमाप्रमाणे त्यांनी मागे वळून विचारलं, “फुयुका, या कोण?”

भोपळा हलला नाही. ऐकू आलं नव्हतं की उत्तर नव्हतं, कळेना.

“मग मी इथंच बसते,” मी म्हटलं. “न्यायला मनाई आहे, बसायला नाही ना?”

शिगेनोरीला फोन लावला. तो धक्क्यावर मासळी उतरवत असणार, उचलला नाही. निरोप ठेवला. फुयुकाच्या शेजारी लाकडी जमिनीवर बसले. एकेक पोर आईबरोबर, आजोबांबरोबर निघून गेलं. उरलेल्यांना संकटकाळची कडक बिस्किटं आणि खडीसाखर वाटली. फुयुकाने तिच्या वाटणीतला खडीसाखरेचा एक खडा माझ्या हातावर ठेवला.

सव्वातीनला शिगेनोरी आला, रबरी बुटांसकट. त्याच्या वासाने मागची दोन पोरं नाक धरून सरकली. सरांनी त्यालाही नाव विचारलं, खूण केली आणि मुलगी त्याच्या स्वाधीन केली.

“आणि या?” शिगेनोरीने माझ्याकडे बोट केलं. “यांना कुणी न्यायचं?”

सर हसले नाहीत. कार्ड आणि पेन पुढे केलं. “तिसरी ओळ भरा. सहीचा शिक्का आणला असेल तर मारा.”

त्याने माझं नाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यापाशी हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी बिस्किटाकडे.

तेवढ्यात फुयुकाने टोपी काढली. केस घामाने चिकटलेले, कान लालबुंद. “टोपीवर लिहिलंय की मी. कुणी वाचतच नाही.”

टोपीच्या मागे कापडी पट्टी असते. नाव, रक्तगट, संकटात कुणाला कळवायचं. ती मी कोरी शिवली होती. आता तिथं जाड अक्षरांत होतं : ‘तामाए-सान. घरची.’ आणि खाली दुकानाचा फोन.

“ ‘घरची’ हे नातं या रकान्यात…” सर सुरू झाले.

“बारीक लिहा ना बाबा,” फुयुका म्हणाली. “बसेल.”

संध्याकाळी सहाला कुरामोची सर दुकानासमोर उभे. “दोन. सॉस जास्त.”

मी चिमटा खाली ठेवला. “नाव?”

सरांनी टाय सरळ केला आणि अगदी गंभीरपणे पूर्ण नाव सांगितलं.

“कोरोक्केशी नातं?”

फळीमागे गृहपाठ करत बसलेल्या फुयुकाने मान वर केली, त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “देऊन टाका, तामाए-सान. ओळखीचे आहेत.”