चौथ्या क्रमांकाचं प्रेक्षणीय स्थळ

आमच्या बेटावर प्रेक्षणीय स्थळं चार. बंद पडलेली पवनचक्की, कुठल्याशा जाहिरातीत झळकलेलं एक गाढव, सूर्यास्त आणि थ्रासिवूलोसचं चॅपल. सूर्यास्त सगळीकडे होतो हे पर्यटकांना कुणी सांगत नाही, आणि गाढवाला जाहिरातीबद्दल कुणी सांगितलेलं नाही.

चॅपल म्हणजे छोटंसं चर्च, आणि तेही खासगी. थ्रासिवूलोसच्या पणजोबाने बुडता बुडता वाचल्यावर बांधलेलं. आत सहा माणसं मावतात. सातव्याला पोट आत ओढून उभं राहावं लागतं. निळा घुमट, पांढरी भिंत, मागे समुद्र. जग तिकडे पाठ करून फोटो काढतं आणि निघून जातं. आत कोणता संत आहे हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

ईस्टरनंतर थ्रासिवूलोस गेला आणि बेटाने सुटकेचा निःश्वास टाकला. तो आमचा एकमेव कायदेप्रेमी नागरिक होता. कुणी परवानगीशिवाय खोली बांधली, कुणी वाळूवर दोन छत्र्या जास्त रोवल्या, की त्याच्या सुवाच्य अक्षरातलं पत्र जिल्ह्याच्या कचेरीत पोचलंच. आणि आमच्याकडे परवानगी घेऊन बांधलेलं असं ते एक चॅपलच असावं.

चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेसाठी त्याच्या बायकोने, एव्दोकियाकाकूने, परातभर गहू शिजवला. त्यात डाळिंब, मनुका, बदाम. वरून पिठीसाखरेचा थर आणि चंदेरी गोळ्यांचा क्रूस. हा गहू जो खातो त्याने मृताच्या नावाने म्हणायचं असतं, ‘देव त्याला क्षमा करो.’ खाणारे नसतील तर म्हणणारेही नाहीत, आणि थ्रासिवूलोसला या वाक्याची इतरांपेक्षा बरीच जास्त गरज होती.

“त्याला वर घेतलं नाही, तर माझ्याकडेच परत पाठवतील,” काकू मला म्हणाली. म्हणून ती घरोघर जाऊन आली.

“झाफिरिस, येशील ना रे?”

“आलो असतो काकू, पण मला गहू चालत नाही,” झाफिरिस हातातली अर्धी पावाची लादी खाली न ठेवता म्हणाला. त्याच्या सात खोल्यांना सील लागलं होतं ते थ्रासिवूलोसच्याच पत्रामुळे.

रविवारी चॅपलमध्ये आम्ही तिघंच. पाद्रीबाबा, काकू आणि मी. मी शाळेत मास्तर आणि चर्चमध्ये गाणारा, म्हणजे मला सुटका नव्हती. प्रार्थना संपवून परात ओट्यावर आणून ठेवतोय, तोच जहाजावरची मंडळी टेकडी चढून आली. पुढे पिवळी छत्री उंचावून त्यांची गाईड, मेल्पो.

“काकू, जरा बाजूला होता का? फोटोत काळं येतंय.”

“नवरा गेलाय माझा,” काळ्या कपड्यातली काकू म्हणाली.

“अरेरे. दोनच मिनिटं हं.”

एवढ्यात रांगेतल्या एका बाईने परातीकडे बोट दाखवून विचारलं, “केक?”

काकूने परातीकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. रांग खालच्या वळणापर्यंत गेली होती.

“खा म्हणावं सगळ्यांना,” ती म्हणाली. “फक्त मी सांगते ते आधी म्हणायचं.”

मेल्पोने भाषांतर केलं. लोक खूश होऊन माना डोलावू लागले. मला संशय आला.

“काय सांगितलंस गं त्यांना?”

“इथे खाताना असं म्हणून आभार मानतात म्हटलं. मेलेल्या माणसाचं अन्न आहे म्हटलं तर खाईल कोण, मास्तर? आणि खाली गावात जायची बस अकराला आहे.”

मग एकेक जण पुढे आला. “देव तिला क्षमा करो,” एक बाई म्हणाली. “देव त्याला जमा करो,” एक जर्मन म्हणाला. पाद्रीबाबा पुटपुटले, “हेही चालेल.” एका टकलू गृहस्थाने तीनदा क्षमा केली आणि कृती लिहून मागितली. पाव तासात परात साफ.

दुपारी आम्ही अजून चॅपल आवरत होतो, तोच झाफिरिस धापा टाकत वर आला.

“पाद्रीबाबा, हा काय प्रकार आहे? माझ्या खानावळीत प्रत्येक घासाला देव त्याला क्षमा करो! आचारी दोनदा स्वतःची नाडी बघून आला. आणि माझंच गिऱ्हाईक, माझ्याच अंगणात बसून, त्या थ्रासिवूलोसला क्षमा करतंय! हे धरायचं नाही हं. त्यांना अर्थ कुठे माहितीये?”

“ज्यांना माहितीये त्यांनी कुठे केली?” पाद्रीबाबा म्हणाले. झाफिरिस समुद्राकडे बघू लागला. “पण तुझं बरोबर आहे. अर्थ कळून एकाने तरी म्हटलेलं हवं. ते तर झालंच असेल. काकू, तू म्हटलंस ना?”

काकू परात पुसत होती.

“मी कुठे? मी पहाटेपासून गहूच बघतेय.”

“मग आता म्हण.”

“माझ्या स्वयंपाकघराला मी खिडकी पाडली होती,” काकू म्हणाली. “समुद्र दिसायचा तिथून. त्याने माझ्याविरुद्ध पत्र लिहिलं, आणि आठ दिवसांत ती बुजवली. स्वतःच्या हाताने.”

पाद्रीबाबांनी परातीच्या काठाचे चार दाणे चमच्यात गोळा करून तिच्यापुढे धरले. तिने ते तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.

“गहू जरा कच्चाच राहिला,” ती म्हणाली, आणि परात उचलून घरी निघाली.