वरचा दिवा

त्रिपुरी पौर्णिमेला यवतजवळच्या त्या गावात देवळापुढं दहा हजार एक दिवे लावायचे. शंभरांच्या शंभर रांगा आणि वरचा एक दिवा सगळ्यांपुढं, एकटा. वर एक असला की आकडा फुटत नाही, म्हणजे त्याचे सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून तो शुभ, अशी गावाची समजूत. त्या वरच्या दिव्याचा मान कुणाचा, यावरून चौऱ्याहत्तर साली नकुशीचे वडील आणि सासरे भर पटांगणात एकमेकांवर धावून गेले. दिवे अजून टोपल्यांतच होते.

दोघांचेही केस पिकलेले, पण अक्कल बहुधा घरी खुंटीला टांगून आलेले.

"मान न्हाई मिळाला तर पोरगी आजच माघारी नेतो!" वडील, जालिंदर, गरजले.

"न्या की! वाट कुणी अडवलीय?" सासरे बापूसाहेब म्हणाले.

नकुशीचे आबा, म्हणजे वडील, बोलले की करायचेच. आणि तिला नांदतं घर सोडायचं नव्हतं, अजिबात नव्हतं! शिरूरला शिकलेली, यवतच्या शाळेत गणित शिकवणारी ही बाई रडायचं सोडून मातीत बसली आणि काटकीनं भागाकार मांडू लागली. आकडा फुटत नाही म्हणतात, पण फोडून कुणी बघितलाय? तीननं दोन उरले. सातनं पाच. अकरानं पुन्हा दोन. एकेक आकडा हात झटकून चालता झाला. एकाहत्तरनंही दाद दिली नाही, तेव्हा ती रडकुंडीला आली. मग त्र्याहत्तर घेतले. बाकी शून्य!

तिनं उलटं गुणून पाहिलं आणि अशी ओरडली की वाजंत्री थांबली.

"आबा! मामंजी! त्र्याहत्तर रांगा, रांगंत एकशे सदतीस! एकबी दिवा वर ऱ्हात न्हाई!"

"मंग मान कुणाचा?" बापूसाहेबांनी विचारलं.

"समद्यांचा!"

गावाला हेच हवं होतं. बायका, म्हातारे, सगळे टोपल्या घेऊन धावले. नकुशी पदर खोचून रांगा मोजत पळत होती, आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शेवटची रांग भरत आली आणि टोपल्या संपल्या. एक जागा रिकामीच.

"चल पोरी, कापडं बांध," जालिंदर म्हणाले.

"हिशेब चुकला न्हाई, आबा! दिवा कमी हाय!"

बापूसाहेब खाकरले. उपरण्याखालून त्यांनी हळूच एक दिवा काढला. मान दुसऱ्या कुणाकडं जाऊ नये म्हणून तो त्यांनी सकाळीच लपवला होता. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"सूनबाई, कुठं ठिवू?"

"रांगंत, मामंजी."

गुडघ्यावर हात टेकत ते बसले आणि त्यांनी दिवा ठेवला. जालिंदर पुढं आले आणि व्याह्याशेजारी बसून त्यांनीच काडी ओढली. वारा होता. बापूसाहेबांनी ओंजळीचा आडोसा धरला.

"नकुशे," ज्योतीवरची नजर न काढता जालिंदर म्हणाले, "तुझ्या घरी चहा मिळंल का?"