बर्फावरची कानटोपी

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी कानटोपी आहे. पाचोडच्या बाजारातून लोकर आणून मनकर्णाबाईंनी मला विणलं, ते त्यांच्या मालकांसाठी, बद्रीनाथरावांसाठी. थंडीत पहाटे गव्हाला पाणी द्यायला निघाले की ते मला कानांवर ओढून घेत. त्यांची लेक तनुजा हवामानाच्या नोंदी ठेवायला वर्षभरासाठी दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन केंद्रावर निघाली, तेव्हा त्यांनी मला डोक्यावरून काढून तिच्या हाती दिलं. "सरकारी टोपी मिळंल तुला, पर ही आतून घाल," एवढंच तिचे अण्णा म्हणाले.

आम्ही जानेवारीत पोहोचलो. तिथला तो उन्हाळा! सूर्य मावळतच नसे, आकाशात नुसता गोल फिरत राही. खडकांमधून वितळलेल्या बर्फाचे ओहोळ वाहत. मार्चमध्ये जहाज परतलं आणि त्याच्या मागे समुद्र गोठत गेला. मग वादळं सुरू झाली. आपलाच हात आपल्याला दिसू नये, असा बर्फाचा भुगा उडे. मे सरताना सूर्य एकदा बुडाला, तो वर आलाच नाही. भर दुपारी उत्तरेला एक तांबूस पट्टा तेवढा दिसे. तनुजा मला घालून रोज बाहेर जाई, यंत्रांवरचं बर्फ झटकी. तिच्या श्वासाने माझी कड गोठून ताठ होई.

जूनमध्ये घरून फोन आला.

"तनू, अण्णा गेले गं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "निघायची कायच सोय नाय व्हय?"

"नाही आई. समुद्र गोठलाय. विमानही उतरत नाही."

त्या म्हणाल्या, "तर तिथंच राहा. जिवाला जप."

त्या दुपारच्या अंधारात ती नोंदी घ्यायला बाहेर पडली. केंद्राचे डॉक्टर इंद्रजीत तिला एकटं सोडेनात, तेही सोबत आले. यंत्रापाशी तिने एकाएकी मला काढलं. शून्याखाली तीस अंशांची थंडी होती.

"तनुजा, टोपी घाल आधी!"

"सर, तिकडं आत्ता अण्णांना अग्नी देत असतील. सगळे उघड्या डोक्यानं उभे असतील."

डॉक्टरांनीही आपली टोपी काढली. दोघं क्षणभर तशीच उभी राहिली. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी मला तिच्या कानांवर ओढलं. तिच्या पापण्यांवर पाणी गोठलं होतं. माझ्या विणीत होती नव्हती तेवढी ऊब मी तिला दिली.

जुलैच्या अखेरीस सूर्य परत आला. ऑक्टोबरात पक्षी दिसले, आणि पुढच्या उन्हाळ्यात जहाज.

पाचोडला घरी पोहोचलो, तर एक नातलग बोललाच, "बापाच्या मातीला आली नाय."

मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या. "बर्फानं वाट अडवली व्हती. मी तिच्यासाठी अस्थी ठेवल्या, परसातल्या चिंचेला टांगून. मी थांबले, तर तुमाला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी पैठणला मायलेकींनी मिळून अस्थी गोदावरीत सोडल्या.

आता मी हर्सूलला, तनुजाच्या घरी, एका पेटीत पडून असते. मला कसर लागली आहे. मित्रांनो, लोकरीच्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि घरचं कुणी वेळेवर पोहोचलं नाही, तर बोल लावू नका. आधी दार उघडा, आत घ्या. ते माणूस फार लांबून, फार थंडीतून आलेलं असतं.